पट्ट्याचा वण

संयमच्या पुण्यतिथीच्याच दिवशी त्याचं घड्याळ पुण्याहून दुरुस्त होऊन येणार होतं, आणि त्याच दिवशी उजेड असेपर्यंत नीलम आणि सिद्धी कळंबचं घर सोडणार होत्या. कुणी ठरवून जुळवलेलं नव्हतं. सिद्धीचं कॉलेज सुरू झालं होतं, पुण्यात खोली मिळाली होती, आणि तिथी होईपर्यंत थांबा असं सासूबाईंनी, उगमबाईंनी म्हटलं म्हणून त्या थांबल्या होत्या. श्रावणातली झिमझिम चालू होती. दुकानामागच्या या घरात भिंती ओल धरून बसल्या होत्या आणि माणसं मौन धरून.

माडीवर नीलम बॅग भरत होती. भरलेली साडी काढत होती, पुन्हा ठेवत होती.

"मम्मी, घड्याळ आपल्याला देणार आहेत दादाजी," सिद्धी म्हणाली. "मोठे पप्पा फोनवर बोलत होते. नव्यासारखं झालंय म्हणे."

"घड्याळ राहू दे इथंच."

"म्हणजे? पप्पांचं घड्याळ आहे ते!"

"दादाजींनी तीन वर्षं सांभाळलं. त्यांच्यापाशी राहू दे." नीलमने बॅगेची चेन ओढली, ती अर्ध्यात अडकली. "मला नुसता पट्टा हवाय. जुना. नवा पट्टा घातला की जुना पिशवीत घालून देतात ते. मागं एकदा संयमनी सर्व्हिसिंग केलं होतं तेव्हा आतल्या जुन्या रबरी रिंगासुद्धा दिल्या होत्या पुडीत. मला दाखवल्या होत्या त्यांनी."

सिद्धी हसली. "फाटका पट्टा घेऊन काय करणार तू?"

नीलमने अडकलेली चेन मागे ओढली. पोरीला काय सांगायचं होतं?

उगमबाईंच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. पंचेंद्रिय जिवाचं कातडं, ते अंगावर घालून नवकार मंत्र म्हणायचा का, असं त्या विचारायच्या. पाहुण्यांची पाकिटं, कमरेचे पट्टे, पुण्याच्या जावयांचे बूट, सगळं ओट्यावरच्या लाकडी कपाटात राही. संयम आळेफाट्याचं दुकान बघायचा. पाकीट रेक्झिनचं वापरायचा, कमरेला कापडी पट्टा. आईचा शब्द त्याने एका गोष्टीपुरता मोडला होता. हौसेने घेतलेलं स्विस घड्याळ, त्याला तपकिरी चामड्याचा पट्टा. ना किल्ली, ना सेल. हात हलला की आतलं अर्धं चाक फिरतं आणि तेवढ्यावर घड्याळ चालतं. तो म्हणायचा, "माझ्यासारखंच आहे. फिरत राहिलं तर जगतं."

संध्याकाळी गाडीचा आवाज आला की नीलम ओट्यावर जायची. तो मनगट पुढे करायचा, बक्कल ती सोडायची. पट्टा तिच्या तळव्यावर पडायचा तेव्हा ऊन असायचा. दिवसभराचा संयम त्या उबेत असायचा. मग दुकानातल्या मलमलीच्या तुकड्याने ती पट्टा पुसायची. त्यानेच शिकवलं होतं. घाम टिपायचा, घासायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत वाळवायचं. तेल तर बोटालाही नको, तेल लागलं की चामडं काळं पडून कुजतं. अत्तराचा हात लावायचा नाही. पुसून झालं की कपाटात ठेवायचं, हात धुवायचे आणि मग स्वयंपाकघरात. नव्या नवरीने चोरून विडा खावा तसा हा त्यांचा रोजचा चोरटा क्षण होता.

त्याचं मनगट बारीक. पट्ट्याची भोकं त्याला पुरली नाहीत म्हणून त्याने दुकानातल्या टोच्याने एक भोक स्वतः पाडलं. वाकडं पडलं. नीलम हसली तेव्हा म्हणाला, "वाकडं का असेना, माझं आहे."

मग एका दुपारी आळेफाट्याच्या दुकानात, गिऱ्हाइकापुढे साडी उलगडताना, तो गल्ल्यावर कपाळ टेकून बसला तो उठलाच नाही. दवाखान्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडे आले आणि घड्याळ आलं. घड्याळ चालू होतं. त्याच्या वडिलांनी, चंपालालजींनी, सगळ्यांदेखत पिशवीत हात घातला, घड्याळ काढलं आणि आपल्या डाव्या मनगटाला बांधलं. "हे थांबता कामा नये," म्हणाले, आणि चामड्यासकट उंबरा ओलांडून आत गेले. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, अशा घरात नीलमने काय म्हणायचं? तिने पदर दातात धरला.

तीन वर्षं ती तो पट्टा लांबून बघत आली होती.

*

खाली दिवाणखान्यात जाप संपला होता. पाहुणे आयंबिलाचं अळणी जेवून पांगले होते. उगमबाई पांढऱ्या आसनावर माळ घेऊन बसल्या होत्या, आणि आतल्या खोलीच्या दारातून त्यांना चंपालालजींची कॉट दिसत होती. होळीच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. बायडाबाई त्यांच्या पायाशी बसून चादर नीट करत होती. त्यांच्या सेवेला ठेवलेली, डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातली ही बाई. घरची भातलावणी उरकून दोनच दिवसांपूर्वी परतली होती.

लुळ्या हातावर घड्याळ चालेना. हातच हलत नव्हता, तर ते कशावर चालणार? मग थोरला मुलगा पारस रोज सकाळी दुकान उघडण्याआधी वडिलांचा तो हात उचलायचा आणि पाळण्यासारखा हलवायचा. घड्याळ चालू व्हायचं, दुपारपर्यंत रेटायचं, रात्रीत पुन्हा मरायचं. शेवटी हाताला सूज आली, पट्टा मांसात रुतला, बक्कलाखाली जखम झाली. डॉक्टर रागावले आणि घड्याळ उतरलं. उतरलंच आहे तर दुरुस्त करून आणतो, म्हणून पारस ते पुण्याला देऊन आला होता.

उगमबाईंनी त्या वेळी त्याला ओट्यावर गाठून एकच गोष्ट सांगितली होती. ती करून आज घड्याळ घरी येणार होतं. माळ ओढता ओढता त्यांचं मन त्या गोष्टीशी जाऊन येत होतं, जत्रेला निघालेल्या पोरीसारखं.

"आला पारस," बायडाबाई म्हणाली. "गाडी वाजली."

पारस भिजलेले केस पुसत आत आला. हातात निळी डबी. घड्याळ उंबऱ्याच्या आत तो अगदी सहज घेऊन आला. जिन्यावरून उतरणाऱ्या नीलमला ते खटकलं; नवा पट्टा घातला असेल, तिने मनाशी म्हटलं, आणि जुना वेगळा पिशवीत, गाडीत असेल.

"बाई, हात पुढं करा," पारस आईला म्हणाला.

"आधी तुझ्या वडलांना दाखव."

"त्यांनी तीन वर्षं बघितलंय. तुमी धरा."

डबी उघडली. घड्याळ चकचकत होतं. खाली करड्या कापडाचा, जाड विणीचा पट्टा.

"कातडं न्हाई ना?"

"कापड आहे, बाई. निव्वळ सूत. आतल्या बाजूलाबी कातडं न्हाई, दोनदा विचारून घेतलं. आतलं सगळं खोललं त्यांनी. तेल वाळून गेलं व्हतं, धुऊन नवं घातलं. रिंगा बदलल्या. पाण्याच्या दाबाखाली ठेवून बघितलं. काचेवरचे चरे काढले, पॉलिश केलं. म्हणाले, आता पाच वर्षं बघायला नको."

उगमबाईंनी माळ खाली ठेवली. दोन्ही तळवे जोडून पुढे केले, प्रसाद घ्यावा तसे. घड्याळ त्यांच्या हातात आलं. नुसत्या त्याला दोन्ही अंगठ्यांनी चाचपत राहिल्या. घड्याळाच्या पाठीवरून अंगठे फिरले, कडांवरून फिरले. मग त्यांनी ते कानाला लावलं.

"वाजतंय," त्या म्हणाल्या. "बायडा, वाजतंय बघ."

"व्हय की वो शेठाणी."

"माझ्या संयमचं." त्यांनी घड्याळ कानाशी तसंच धरलं. "तीन वर्षं डोळ्यापुढं व्हतं, पण हात लावता येत नव्हता. आईला पोराची वस्तू शिवता येत नव्हती."

सिद्धी जाऊन दादीला बिलगली. त्या क्षणी घरातलं प्रत्येक माणूस उगमबाईंच्या बाजूचं होतं, नीलमसुद्धा. म्हणून तिने विचारलं ते अगदी हळू विचारलं.

"दादा, जुना पट्टा?"

"हं?"

"जुना पट्टा. काढलेला. तो दिला असेल ना त्यांनी?"

पारसने रुमाल खिशात घातला. "विचारलं व्हतं त्यांनी, जुनं सामान पाहिजे का म्हणून. मी म्हणालो नको. पार कुजला व्हता गं तो. शिलाई उसवलेली, बुरशी धरलेली. हाताला वास येत व्हता."

"नको म्हणालात."

"चातुर्मास चालूय, तिथीचा दिवस. कातडं कशाला घरात आणायचं? बाईंनीच सांगितलं व्हतं."

"मीच सांगितलं," उगमबाई म्हणाल्या. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. चेहऱ्यावर ओला आनंद होता. "म्हटलं ते कातडं तिकडंच सोडून ये. म्हंजे मलाबी घेता येईल हातात, आन् तुलाबी घरात वागवता येईल, चोरून कपाटात ठेवायला नको. मला काय ठावं नव्हतं व्हय तुमचं कपाट?"

नीलम भिंतीला टेकली.

"तुम्ही मला विचारायचं होतं," ती म्हणाली.

"आता पट्ट्यासाठी कुणी विचारतं का?" पारस म्हणाला. "टायर बदलताना विचारतो का आपण?"

"तो टायर नव्हता."

"मम्मी, जाऊ दे ना," सिद्धी पुटपुटली. "दादी किती खुश आहे बघ. साधा पट्टा तर होता."

"साधा?" नीलमच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, तिने तो सावरला नाही. "त्यांच्या घामाने तो काळा झाला होता. त्यांचं मनगट त्यात वळलेलं होतं. सोडून ठेवला तरी सरळ होत नसे, त्यांच्या हाताएवढाच गोल राही. तुम्ही काच चकचकीत केलीत, ठीक. तारीख, काटे, सगळं कंपनीचं आहे, कुणाच्याही घड्याळात असतं. संयम होते ते त्या पट्ट्यात होते! मला घड्याळ नको होतं. कधीच नको होतं. मला तेवढंच हवं होतं या घरातलं, आणि तेवढंच तुम्ही टाकून आलात."

आतल्या खोलीतून कॉट करकरली.

"हळू बोल," पारस म्हणाला. "बाबूजी जागे आहेत."

"तीन वर्षं हळूच बोलतेय मी."

उगमबाईंच्या हातातलं घड्याळ मांडीवर उतरलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. "मी चांगल्यासाठी सांगितलं गं. त्या कातड्यापायी..."

"बाई, तुमी जरा गप्प बसा," पारस एकदम म्हणाला. आईला तो असं कधी बोलला नव्हता. "तुमी सांगितलं म्हणून मी केलं. आता शिव्या मला."

"आता माझ्यावर ढकल!"

"ढकलत न्हाई. खरं ते सांगतोय."

"मोठे पप्पा, दादीला नका बोलू," सिद्धी म्हणाली, आणि मग आईचा चेहरा पाहून तिचा आवाज बदलला. "भांडू नका ना. फोन करा त्यांना. असेल तिथंच."

*

पारस ओट्यावर गेला. पाऊस पन्हाळीतून तुटक तुटक गळत होता. नाशिककडे जाणारे ट्रक चिखल उडवत होते. लाकडी कपाटाला पाठ लावून त्याने पुण्याला फोन लावला.

घरात त्याला सगळे कोरडा म्हणत. भाऊ गेला त्या दिवशी रडला नाही, दुकानाचं शटर ओढून घेतलं, माणसं बोलावली, लाकडं सांगितली. सकाळी वडिलांचा लुळा हात हलवताना त्याच्या मनात काय चालायचं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. लहानपणी संयमला सायकलवर पुढे बसवून तो अवसरीच्या यात्रेला न्यायचा. गर्दीत सुटू नये म्हणून मनगट धरायचा. तो पट्टा वडिलांच्या हातावर दिसला की त्याला ते पोराचं मनगट आठवायचं आणि नजर वळवावी लागायची. काउंटरवरच्या मुलीने जुना पट्टा चिमटीत धरून विचारलं, हा परत हवा का, तेव्हा तो घाईने नको म्हणाला. आईने सांगितलं होतं हे खरं, पण त्याला स्वतःलाही तो नजरेसमोर नको होता. नीलमला हे कसं सांगायचं?

"हॅलो, हां, मी चंपालालजींच्या घरून, आज घड्याळ घेऊन गेलो... हां, झकास झालंय. ते जुनं सामान, तपकिरी पट्टा... आपण बदलला तो." तो ऐकत राहिला. "तेव्हाच? ज्या दिवशी बदलला त्याच दिवशी? पण मला तर आज दाखवला ना तुमच्या मुलीने... आज. दुपारीच. हां. विचारा, थांबतो."

उंबऱ्यात सिद्धी उभी होती. तिच्यामागे नीलम.

फोनवर माणूस बराच वेळ परतला नाही. पलीकडून गाण्याची धून वाजत राहिली. मग आवाज आला आणि पारस नुसतं "अच्छा, अच्छा" म्हणत राहिला. फोन बंद केल्यावर त्याने तो शर्टाला पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"कचऱ्यात टाकला त्यांनी. मी निघालो तेव्हाच. दुपारची गाडी येऊन गोळा करून गेली." तो थांबला. "मी जातो पुन्हा. आत्ता निघतो. कुठं टाकतात ते बघतो."

"पुण्याचा कचरा उपसणार, मोठे पप्पा?" सिद्धी म्हणाली. ती हसायला गेली होती. तिलाच रडू फुटलं.

नीलमने मान हलवली. "नका जाऊ, दादा."

"नीलम, मी..."

"तुम्हाला तो बघवत नव्हता. मला माहीत आहे. सकाळी बाबूजींचा हात हलवताना तुम्ही खिडकीकडे बघायचा."

पारस त्या कपाटाला टेकून खाली बसला, पायातल्या ओल्या बुटांसकट. भाऊ गेल्यावर घराने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आजही कुणी थेट पाहिलं नाही. सिद्धी आत गेली आणि नीलमने रस्त्याकडे तोंड केलं.

*

चंपालालजींना सगळं ऐकू आलं होतं. वारं गेलं ते जिभेवरून आणि डाव्या हातावरून. कानांवरून नाही. कॉटवर पडून ते छपराच्या वाशांकडे बघत होते आणि शब्द जुळवत होते. शब्द यायचे, ओठांपाशी येऊन चुरायचे.

बायडाबाई तेलाची वाटी कोमट करून आली होती. रोज या वेळी ती त्यांच्या लुळ्या हाताला तेल चोळायची, खांद्यापासून बोटांपर्यंत, आणि चोळता चोळता गुणगुणायची. आज तिनेही आवाज खाली धरला होता.

"दिस बुडून ग गेला, गेला डोंगराच्या पार,
दगडाच्या पोटी बाई, ऊन आजून उबदार..."

"बायडा," चंपालालजींनी जीभ रेटली. "थां... थांब."

तिने वाटी खाली ठेवली. "काय पायजे, शेठ? पानी?"

"नी... लम."

"बोलावू?"

त्यांनी डोळे मिटून उघडले.

नीलम निरोपाला येणारच होती. रीत होती, दारातून वाकून नमस्कार करायचा आणि पदराआडून निघायचं. ती दारात वाकली. चंपालालजींनी उजवा हात हलवून तिला आत बोलावलं. ती दोन पावलं आत आली आणि उभी राहिली. त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात धरला. जड ओझं उचलावं तसा तो उचलला आणि तिच्याकडे पुढे केला. उताणा केला. मनगट वर आलं.

मनगटाभोवती पट्टा होता.

चामड्याचा नव्हे. तीन वर्षांच्या उन्हातान्हात झाकलेली फिकी चामडी, तिच्या दोन्ही कडांना काळपट रेघ, पट्ट्याच्या रुंदीएवढीच. आतल्या बाजूला, जिथे बक्कल रुतलं होतं, तिथे जखम भरून आलेला चौकोनी वण. आणि त्याच्या शेजारी बक्कलाच्या काट्याचं टोक टोचून राहिलेला एक ठिपका. ठिपका मधोमध नव्हता. एका बाजूला सरकलेला होता.

नीलम आणखी एक पाऊल पुढे आली.

"तेच," चंपालालजी म्हणाले. "तेच भो... भोक. लावत व्हतो."

सासऱ्याचं मनगट जाड. संयमच्या वाकड्या भोकावर तो पट्टा त्यांना किती घट्ट बसत असेल! चांगली मोकळी भोकं पुढे रांगेत होती. तीन वर्षं रोज त्यांनी तो ओढून ओढून पोराच्या भोकाला नेला होता. सूज आली, रक्त आलं, तरी नेला होता. लुळे पडल्यावरही ते पारसला बोटाने दाखवत, इथं लाव, इथं. घरातले म्हणत, म्हाताऱ्याला कळत नाही.

नीलम कॉटपाशी खाली बसली. सासऱ्याला ती आजवर शिवली नव्हती. तिने तळवा पुढे केला, रोज संध्याकाळी ओट्यावर करायची तसाच, आणि तो लुळा हात त्यावर घेतला. अंगठा त्या काळपट रेघेवरून फिरवला. घासला नाही. टिपल्यासारखा फिरवला.

मनगट ऊन होतं.

"त्यांनी टोच्याने पाडलं होतं ते," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्यांच्याशी समोरासमोर बोलत होती. "मी हसले होते, बाबूजी. वाकडं पडलं म्हणून हसले होते."

चंपालालजींच्या उजव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. ती ते बघत बसली. बाहेर पन्हाळ गळत होती.

"सूज गेली ना," ती म्हणाली, "की हेही जाईल. कातडी नवी येते."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते तिला कळलं नाही.

दारात उगमबाई उभ्या होत्या. घड्याळ अजून त्यांच्या मुठीत होतं.

*

बॅगा गाडीत गेल्या. मंचरच्या अलीकडे उसाच्या कडेला बिबट्या दिसतोय, उजेडात निघा, असं पारस पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू काळजी करायला तेवढंच त्याच्या हाती उरलं होतं. तोच त्यांना सोडायला जाणार होता.

उगमबाई ओट्यावर आल्या. सुनेसमोर उभ्या राहून त्यांनी हात जोडले. संवत्सरीला क्षमा मागताना लहानथोर सगळे एकमेकांपुढे जोडतात तसे, पण संवत्सरीला अजून अवकाश होता.

"मिच्छामि दुक्कडम," त्या म्हणाल्या.

नीलमने उत्तर दिलं नाही. तिला द्यायचं होतं. तिने वाकून सासूच्या पायांना हात लावला, आणि उगमबाईंनी तिच्या हातात घड्याळ ठेवायला मूठ उघडली तेव्हा ती मूठ तिने हलकेच मिटवली.

"तुमच्याकडे राहू दे. तुम्ही हात लावायला तीन वर्षं थांबलात."

"थांबंल गं हे माझ्यापाशी. म्हातारीच्या हाताला कसली चाल?"

"माळ ओढता ना रोज. तेवढ्यावर चालेल."

सिद्धी दादीच्या गळ्यात पडली. मग गाडी चिखलातून मागे आली, वळली, आणि ट्रकांच्या रांगेत मिसळली. उगमबाईंनी घड्याळ मनगटाला लावून पाहिलं. कापडी पट्टा शेवटच्या भोकालाही सैल पडत होता. घड्याळ कोपराकडे घसरत गेलं. त्यांनी ते काढून पुन्हा मुठीत धरलं.

त्या आत आल्या. खोलीत मळभाचा उजेड होता. तीन वर्षं त्या नवऱ्याच्या उजव्या हातालाच बसत आल्या होत्या. ताट उजवीकडून, पाणी उजवीकडून. आजारपणातही डाव्या कुशीचं सगळं बायडाबाईने करायचं. घड्याळ उतरून पुण्याला गेलं तरी सवय तशीच राहिली होती. आज त्या कॉटला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि चटईवर बसल्या.

चंपालालजी छपराकडे बघत होते.

उगमबाईंनी तो हात मांडीवर घेतला. रेघा बघितल्या, चौकोनी वण बघितला, तो सरकलेला ठिपका बघितला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. कातडंच होतं ते, पण हे शिवायला कुठला नियम आड येत नव्हता, आणि तरी त्या तीन वर्षं लांब बसल्या होत्या. पुण्याच्या कुठल्या ढिगाऱ्यात तो पट्टा भिजत असेल, पोराच्या मनगटाएवढाच गोल होऊन?

"मला सांगायचं तरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला सांगायचं तरी तुमी."

चंपालालजींचे ओठ हलले. शब्द आला नाही.

बायडाबाईने वाटी पुन्हा चुलीवर धरून आणली होती. तिने तेलात बोटं बुडवली, रोजच्यासारखा खांद्यापासून हात धरला, आणि चोळत खाली खाली येऊ लागली. दंड झाला, कोपर झालं.

उगमबाईंनी पदराचं टोक त्या मनगटाभोवती गुंडाळलं आणि वरून आपली मूठ ठेवली.

"बायडा," त्या म्हणाल्या, "इथं तेल लावू नको."